पुढचे आसन, मागचे आसन

(द्वितीय वर्ष कला, भूगोल)

‘स्पोर्टी’ हा शब्द आपल्या कॉलेजात दिवसातून दहा वेळा तरी कानावर पडतो. बूट स्पोर्टी, घड्याळ स्पोर्टी, इतकेच काय पण एकजण केस बारीक कापून कँटीनमध्ये आला तर त्यालाही कोणीतरी ‘स्पोर्टी’ म्हणून टाकले. पण हाच शब्द कुटुंबासाठी बनवलेल्या मोटारीला लावला म्हणजे नेमके काय सांगायचे असते? मी हा प्रश्न वर्गातल्या मित्रांना विचारून पाहिला. ‘जोरात पळते ती,’ असे बहुतेकांनी सांगितले. एकजण म्हणाला, ‘लाल असते ती.’ दोन्ही उत्तरे मला पटली नाहीत. कारण गेल्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी अशी एक मोटार मला माळशेज घाटात चालवायला मिळाली, आणि त्याच दिवशी, त्याच घाटात, तिच्या मागच्या आसनावर बसायलाही मिळाले. या दोन आसनांवरून एकच गाडी किती निराळी वाटते, हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

प्रथम माझी पात्रता सांगणे योग्य होईल. आमच्या घरात मोटार कधीच नव्हती. गप्पा मात्र मोटारींच्याच असत. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, गेली बावीस वर्षे ड्रायव्हर आहेत. आधी ट्रक, मग जीप आणि आता नारायणगावच्या एका डॉक्टरांकडे. मी स्वतः गाडी शिकलो ती चुलत्यांच्या पिकअपवर. टोमॅटोच्या हंगामात पहाटे क्रेट भरायचे, नारायणगावच्या बाजारात उतरवायचे आणि मोकळी गाडी परत आणायची. अठरा पूर्ण झाल्यावर लायसन काढले, तेव्हापासून हे काम माझ्याकडे आहे. कॉलेजचा पहिला तास कधी कधी चुकतो तो त्यामुळे. (संबंधित प्राध्यापकांनी हे वाचले तर क्षमा असावी.)

ज्याने फक्त पिकअप चालवली आहे त्याची गाडीविषयीची कल्पना एका विशिष्ट प्रकारची असते. पिकअपच्या मागच्या चाकांवर पोलादी पाटे असतात, ते टनभर ओझ्याच्या हिशेबाने बनवलेले. ओझे असले की गाडी बैलासारखी शांत चालते, मोकळी असली की खड्ड्यात उडते. स्टिअरिंग फिरवले की ती क्षणभर विचार करते आणि मग वळते. ब्रेकचेही तसेच. थोडक्यात, पिकअपला आपण जे सांगतो ते तिला कळते, पण जरा उशिरा. सगळ्याच गाड्या अशा असतात अशी माझी समजूत होती.

डॉक्टरांची गाडी म्हणजे फोक्सवॅगन पोलो, जी.टी. टी.एस.आय. त्यांनी ती २०१५ साली घेतली. मी तेव्हा चौथीत होतो. अण्णा रोज ती धुवायचे, पुसायचे, तिच्यातून डॉक्टरांना रात्री-अपरात्री पुण्याला न्यायचे आणि आणायचे. पण आई त्या गाडीत एकदाही बसली नव्हती. बसावे असे ती म्हणालीही नव्हती. डॉक्टरांचे गुडघे आता दुखतात, खाली वाकून गाडीत शिरणे त्यांना जड जाते, म्हणून त्यांनी उंच गाडी घ्यायचे ठरवले आणि पोलोला गिऱ्हाईक पाहिले. गाडी द्यायच्या आधीच्या रविवारी ते अण्णांना म्हणाले, ‘घरच्यांना एकदा फिरवून आणा. पोराला पण देऊन बघा हातात.’ आत्या टोकावड्याला, म्हणजे घाटाखाली मुरबाड तालुक्यात राहते. तिच्याकडे जायचे ठरले.

पण घाटात शिरण्यापूर्वी या जातीच्या गाड्यांचे कूळ सांगायला हवे, नाहीतर पोलोचे वागणे समजणार नाही.

पूर्वी शर्यतीची गाडी वेगळी आणि घरची गाडी वेगळी असा सरळ हिशेब होता. पहिलीत दोन माणसे बसत आणि सामानाला जागा नसे. दुसरीत सगळे घरदार मावत असे आणि चढ आला की सगळ्यांना घाम फुटे. हा हिशेब बिघडवला तो इंग्लंडातल्या मिनी या गाडीने. ॲलेक इसिगोनिस या अभियंत्याने १९५९ साली इंजिन आडवे बसवून आणि पुढच्याच चाकांना ताकद देऊन सुमारे तीन मीटर लांबीत चार माणसांची जागा काढली. हेतू शुद्ध काटकसरीचा होता. पण चारही चाके अगदी चार कोपऱ्यांत आणि वजन कमी, त्यामुळे ती वळणावर विलक्षण चपळ निघाली. शर्यतीच्या गाड्या बांधणाऱ्या जॉन कूपर यांनी हे ओळखले आणि १९६१ साली मिनी कूपर आली. आल्प्समधल्या बर्फाळ घाटरस्त्यांवरून जाणारी मॉन्टे कार्लोची शर्यत तिने १९६४, १९६५ आणि १९६७ साली जिंकली. किराणा आणायची गाडी घाटात मोठमोठ्यांना मागे टाकते, हे लोकांनी तेव्हा पाहिले.

दुसरी गोष्ट जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गची. फोक्सवॅगन कंपनीची गोल्फ ही गाडी १९७४ साली आली, तिची आकृती इटलीच्या ज्युजारो यांची. कंपनीतल्या थोड्या लोकांना वाटले की हिची एक तेज आवृत्ती करावी. वरिष्ठांनी रीतसर काम सोपवलेले नसताना त्यांनी ते सुरू केले. १९७५ च्या फ्रँकफुर्ट प्रदर्शनात गाडी दाखवली आणि १९७६ साली ती गोल्फ जी.टी.आय. या नावाने विक्रीला आली. १५८८ घनसेंटिमीटरचे इंजिन, ११० अश्वशक्ती, ताशी १८२ किलोमीटर वेग. आतल्या आसनांना चौकड्याचे कापड होते आणि गिअरच्या दांड्याला गोल्फच्या चेंडूसारखी मूठ. दोन्ही कल्पना गुनहिल्ड लिलयेक्विस्ट या बाईंच्या. पाच हजार गाड्या खपल्या तरी पुरे असा कंपनीचा अंदाज होता. त्या पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून अधिक खपल्या. पाच माणसे, मागे डिकी, आठवडाभर कामावर जायला आणि रविवारी हौस भागवायला एकच गाडी, हा नमुना तिथून रूढ झाला.

पोलो ही गोल्फची धाकटी बहीण. युरोपात १९७५ पासून आहे. आपल्याशी तिचे नाते जवळचे, कारण ती चाकणला बनत असे. चाकणच्या कारखान्याचे उद्घाटन मार्च २००९ मध्ये झाले, २०१० पासून गाडी विकली जाऊ लागली आणि २०२२ साली तिचे उत्पादन इथे थांबले. आमच्या भागातली कितीतरी पोरे आय.टी.आय. करून चाकणच्या वेगवेगळ्या कारखान्यांत लागली. पुणे–नाशिक रस्त्यावर ज्या गाड्या धावताना दिसतात त्यांतल्या पुष्कळशा त्याच रस्त्याच्या कडेला जन्मलेल्या असतात, हे मला नेहमी गमतीचे वाटते.

साध्या पेट्रोल पोलोत तीन सिलिंडरांचे ७५ अश्वशक्तीचे इंजिन होते. २०१३ साली जी.टी. टी.एस.आय. आली, तिचे इंजिन तेवढ्याच आकाराचे, ११९७ घनसेंटिमीटर, पण चार सिलिंडरांचे, आणि ताकद १०५ अश्वशक्ती. आकार बाराशेच्या आत असण्याला आपल्याकडे एक वेगळाच अर्थ आहे. २००६ पासून आपल्या करपद्धतीत चार मीटरपेक्षा लांब नसलेली आणि पेट्रोल इंजिन बाराशेच्या आत असलेली गाडी ‘छोटी’ धरली गेली आणि तिच्यावर कर कमी लागला. पोलो लांबीलाही चार मीटरच्या आत, इंजिनानेही आत. म्हणजे कराच्या दृष्टीने छोटी आणि चालवणाऱ्याच्या दृष्टीने मोठी.

ही जादू टर्बोची. लोहाराचा भाता सर्वांनी पाहिलेला असेल. कोळसा तेवढाच असतो, पण भात्याने वारा घातला की आच वाढते. टर्बो म्हणजे इंजिनाचा भाता, फक्त तो हलवायला माणूस लागत नाही. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूरच एक छोटे चाक फिरवतो, मिनिटाला लाखाच्यावर फेऱ्या. त्याच दांड्यावर दुसरे चाक असते, ते बाहेरची हवा दाबून सिलिंडरांत कोंबते. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त जाळता येते, म्हणून जोर जास्त. जो धूर एरवी वाया जायचा त्याच्याकडून हे काम करून घेतलेले असते. साध्या पोलोचा पीळ, ज्याला इंग्रजीत टॉर्क म्हणतात, ११० न्यूटन-मीटर होता. या गाडीचा १७५, आणि तो इंजिनाच्या पंधराशे फेऱ्यांच्या आसपासच हाती येतो. अगदी कमी फेऱ्यांवर भाता भरलेला नसतो, त्यामुळे पाय दाबल्यावर क्षणभर काही होत नाही, आणि मग होते.

दुसरी गोष्ट गिअरची. या गाडीला क्लचचे पेडल नाही, पण आत क्लच दोन आहेत. एक, तीन, पाच, सात हे गिअर एका क्लचकडे. दोन, चार, सहा दुसऱ्याकडे. लग्नाच्या पंगतीत एक वाढपी भात वाढत असतानाच दुसरा वरणाची बादली भरून मागे उभा असतो, त्यामुळे जेवणाऱ्याला थांबावे लागत नाही, तसेच हे. गाडी दुसऱ्या गिअरात चालली असताना तिसरा आधीच लावून ठेवलेला असतो, फक्त एक क्लच सुटतो आणि दुसरा धरतो. ही युक्ती पोर्शने १९८० च्या दशकात शर्यतीच्या गाड्यांत वापरली होती. घरच्या गाडीत ती २००३ साली गोल्फच्या एका प्रकारात आली, आणि तिथून दहा वर्षांत चाकणला.

आता रस्त्यावर येऊ.

आळेफाटा, ओतूर मागे पडेपर्यंत अण्णांनीच गाडी चालवली. बनकर फाटा ओलांडल्यावर त्यांनी ती बाजूला घेतली आणि उतरून माझ्या बाजूला आले. काही बोलले नाहीत. मी आसन पुढे ओढले, आरसे लावले, पट्टा बांधला. मागे आईने डबा मांडीवर घेतलेला होता. पाण्याची बाटली तिने शेजारी आसनावर आडवी ठेवली होती.

पहिले शंभर मीटर मला भीतीच वाटली. स्टिअरिंग पिकअपच्या सवयीने फिरवले तर गाडी एकदम कडेला निघाली. तिला विचार करायची सवयच नव्हती. हात जेवढा हलला तेवढीच आणि त्याच क्षणी ती हलायची. दोन-तीन किलोमीटरमध्ये हात शहाणे झाले आणि मग मात्र मजा वाटू लागली. पुढे दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर चालला होता. समोरचा रस्ता लांबवर मोकळा होता. मी इंडिकेटर दाखवून बाहेर निघालो आणि पाय दाबला. क्षणभर काही नाही, आणि मग पाठ आसनाला टेकली, काटा सरसर चढला, ट्रॉल्या मागे गेल्या. पिकअपने हेच करताना मनात आकडे मोजत, समोरून कोणी येऊ नये म्हणून देवाचा धावा करावा लागतो. उलट्या बाजूला आपण जितका कमी वेळ असतो तितका धोका कमी, म्हणजे ही ताकद नुसती चैन नाही. अण्णा तेवढेच म्हणाले, ‘ताकद आहे म्हणून काढू नको. जागा आहे म्हणून काढ.’

मढ गेल्यावर उजव्या हाताला पिंपळगाव जोग्याचे पाणी दिसू लागले. पलीकडे हरिश्चंद्रगडाचा डोंगर. खुबी फाट्यानंतर अण्णांनी गाडी परत घेतली, कारण उतरणीचा घाट मला द्यायला ते तयार नव्हते. ज्या गिअरात चढायचे त्याच गिअरात उतरायचे, हा त्यांच्या ट्रकच्या दिवसांतला नियम. दांडा ‘डी’वर ठेवला तर ही गाडी पेट्रोल वाचवायला वरचा गिअर लावते. म्हणून ते दांडा बाजूला सरकवून स्वतः खालचा गिअर धरून उतरले. ब्रेक जेमतेम लागला. मला वाटले, अशा गाडीत इतके सावकाश उतरण्यात काय अर्थ आहे?

आत्याकडे जेवण झाले. परतताना घाट चढणीचा होता. अण्णांनी किल्ली माझ्याकडे दिली.

या अर्ध्या तासाचे वर्णन मी कसे करू? भूगोलाच्या तासाला आम्ही नकाशावर माळशेजच्या समोच्च रेषा पाहिल्या आहेत. सह्याद्रीच्या कड्यापाशी त्या इतक्या दाटतात की एकमेकींत मिसळून तपकिरी डाग होतो. त्या डागातून हा रस्ता वर जातो. मी दांडा ‘एस’वर टाकला. त्याने गाडी खालचा गिअर जास्त वेळ धरून ठेवते आणि इंजिन सतत ताणलेल्या दोरीसारखे सज्ज राहते. वळण संपले की पाय दाबायचा, गाडी उसळून पुढच्या वळणापर्यंत जायची, तिथे ब्रेक, स्टिअरिंग, पुन्हा पाय. गाडी दीड मीटरपेक्षा थोडी कमीच उंच, स्प्रिंगा घट्ट, त्यामुळे वळणावर ती पिकअपसारखी एका अंगावर कलंडत नाही. चढणारी गाडी म्हणून अरुंद जागी वाटही माझीच. पुढच्या आसनाच्या दोन्ही कडा वर आलेल्या आहेत, त्या कमरेला धरून ठेवतात. डावा पाय टेकवायला जागा आहे, हातात स्टिअरिंग आहे. मी आणि गाडी एकच झालो होतो असे म्हणायला हरकत नाही. एवढा आनंद मला फार थोड्या वेळा झालेला आहे.

बोगदा मागे गेला. बऱ्याच वेळाने अण्णा म्हणाले, ‘बाजूला घे.’

मला वाटले काही चुकले. मी रुंद जागा पाहून गाडी कठड्याजवळ घेतली. अण्णा उतरले, मागचे दार उघडले. आई डोळे मिटून बसली होती. चेहरा पांढरा पडला होता. एका हाताने तिने समोरच्या आसनाची पाठ धरली होती आणि दुसऱ्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती. पाण्याची बाटली खाली पडून आसनाखाली गेली होती. ‘अहो, कशाला थांबवलं त्याला,’ ती म्हणाली, ‘चालवू द्या की. रोज कुठं मिळती.’

ती आजारी पडत असताना मी गाडीच्या गुणांवर खूष होत होतो. आरशाकडे मी पुष्कळदा पाहिले होते, पण त्यात मला फक्त मागचा रस्ता दिसला.

घरी आल्यावर मी या गोष्टीचा हिशेब मांडून पाहिला. तो सोपा आहे. वळणावर माणसाला बाहेर ढकलल्यासारखे वाटते, ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. घाटातले एखादे वळण २५ मीटर त्रिज्येचे धरा. ताशी ३० किलोमीटरने गेलो तर हे ढकलणे आपल्या वजनाच्या साधारण २८ टक्के भरते. ताशी ४० ने गेलो तर ५० टक्के. वेग एक तृतीयांशाने वाढला, ढकलणे पाऊणपटीहून अधिक वाढले. आईचे वजन पन्नास किलो धरले तर प्रत्येक वळणावर कोणीतरी तिला पंचवीस किलोच्या जोराने, म्हणजे टोमॅटोच्या एका भरल्या क्रेटपेक्षा जास्त जोराने, दाराकडे ढकलत होते. पुढच्या वळणावर उलट बाजूला. पुढे बसलेल्याला धरायला कडा आहेत, चाक आहे. मागचे आसन सपाट बाकासारखे. या गाडीत मागे गुडघ्यांनाही जागा बेताची. स्पोर्टी गाडीत खर्च कुठे केला आणि काटकसर कुठे केली, हे मागे बसल्याशिवाय कळत नाही.

पण नुसत्या ढकलण्याने मळमळत नाही. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारे इंद्रिय असते. शरीर हलते आहे असे ते सांगते, आणि डोळ्यांसमोर तर आसनाची स्थिर पाठ असते. या दोन साक्षी जुळल्या नाहीत की मेंदू गोंधळतो आणि पोट बिघडते. त्यातही अतिजलद हादऱ्यांनी माणसाला तितका त्रास होत नाही. सर्वांत वाईट तो संथ हेलकावा, सुमारे पाच सेकंदांनी एक असा. घाटात एका वळणातून दुसऱ्यात जाताना नेमका हाच ठेका लागतो. चालवणाऱ्याला मात्र सहसा काही होत नाही, कारण पुढे काय होणार हे त्याच्या हातांना आधीच ठाऊक असते. ज्याला गाडी लागत नाही त्याच्याच हाती गाडी असते, असा हा सगळा प्रकार आहे.

सुरक्षिततेचेही थोडे बोलले पाहिजे, कारण कुटुंबाची गाडी म्हटल्यावर तो भाग टाळता येत नाही. २०१४ साली ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात बनलेल्या काही गाड्या ताशी ६४ किलोमीटरने आपटून पाहिल्या. एअरबॅग नसलेल्या पोलोला मोठ्या माणसांच्या बाबतीत एकही तारा मिळाला नाही, दोन एअरबॅग असलेल्या पोलोला चार मिळाले. कंपनीने बिनएअरबॅगची गाडी विकणे बंद केले. पत्रा तोच असून दोन पिशव्यांनी एवढा फरक पडला. त्या पिशव्या अर्थात पुढच्या दोघांसाठी होत्या. मागच्यांसाठी पट्टा, आणि तो मागे बसणारे बांधत नाहीत. आईनेही बांधला नव्हता. तो अण्णांनी त्या कठड्यापाशी बांधला.

आईला त्यांनी पुढे बसायला सांगितले, कारण समोरचा रस्ता दिसला की त्रास कमी होतो. ती म्हणाली, ‘नको, मागंच बरी, मान टाकता येती.’ मग अण्णा माझ्याकडे वळले. ‘तू बस माग, तिच्याजवळ.’

गाडी चालवायला बसल्यावर त्यांनी आधी आतला आरसा थोडा खाली केला. त्यात त्यांना मागच्या काचेचा वरचा भाग कमी दिसत असावा, पण आईचा चेहरा दिसत होता. डॉक्टर पुण्याहून पहाटे परतताना मागे झोपतात, ऑपरेशननंतर दमलेले असतात. त्यांना जाग येऊ नये म्हणून ही सवय लागली, असे त्यांनी नंतर सांगितले. दांडा ‘डी’वर. मी आसनाखालची बाटली काढून पुन्हा तिथेच आडवी ठेवली, आईजवळ, आणि तिच्यावर नजर ठेवून बसलो.

वळण यायच्या बरेच आधी इंजिनाचा आवाज उतरायचा. ब्रेक असा लागायचा की लागल्याचे कळू नये, आणि वळण सुरू होण्याआधी तो सुटलेला असायचा. मग स्टिअरिंग एकदाच, हळू, लागेल तेवढे. मध्ये दुरुस्ती नाही. वळणाच्या मध्यापासून ताकद परत अलगद. बाटली आसनावर थोडी हलायची, पण पडली नाही. खुबी फाट्यापर्यंत एकदाही पडली नाही. आणि गंमत अशी की गाडी संथ वाटत नव्हती. मी मनात अंदाज केला: मी ताशी चाळीसने घेत होतो तिथे ते तीसने घेत असतील, तर पाच किलोमीटरच्या घाटाला फरक पडतो अडीच मिनिटांचा.

इथे मला एक गोष्ट आवर्जून नोंदवावीशी वाटते. हे अण्णांना जमले ते गाडी स्पोर्टी होती म्हणूनच. पिकअपमध्ये इतके बारीक काम करता येत नाही. तिथे ब्रेक किती लागेल, चाक केव्हा ऐकेल, याचा अंदाजच करावा लागतो आणि अंदाज चुकला की धक्का बसतो. सांगितले तेवढेच आणि सांगितले त्याच क्षणी करणारी गाडी असेल तर माणूस तिला उसळायला सांगू शकतो, किंवा बाटलीही हलणार नाही असे चालायला सांगू शकतो. गाडी दोन्ही तितक्याच इमानाने करते. १९६९, १९७१ आणि १९७३ चे जगज्जेते जॅकी स्टुअर्ट हेही नितळ चालवण्यासाठीच प्रसिद्ध होते. बॉनेटवर पसरट भांड्यात चेंडू ठेवून तो न सांडता गाडी चालवायला ते लोकांना शिकवत. अण्णांनी त्यांचे नाव ऐकलेले नाही. मी सांगितले तेव्हा म्हणाले, ‘चेंडू कशाला, टोमॅटो ने की भरून. खालचा क्रेट बघितला की कळतं.’

ओतूरच्या अलीकडे आई झोपली होती. घरी आल्यावर तिने अंगणातून एकदा गाडीभोवती चक्कर मारली, दारावर हात फिरवून पाहिला आणि म्हणाली, ‘आत गारवा चांगला होता पण.’

दुसऱ्या दिवशी अण्णा गाडी पुण्याच्या गिऱ्हाइकाला पोचवून एस.टी.ने परत आले. डॉक्टरांची नवी गाडी त्याच आठवड्यात आली. कशी आहे, म्हणून मी विचारले. ‘उंच आहे,’ ते म्हणाले. ‘डॉक्टरांना चढाउतरायला बरी. वळणावर जरा झुलती. सवय करावी लागंल.’